लॉन घेण्याआधी सावली मोजा

आमची रोपवाटिका पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या अलीकडे. शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, माणसं उतरतात, मोबाईलवर कुठल्यातरी रिसॉर्टच्या हिरवळीचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ताई, हे असलं द्या. पाचशे फूट." मी फोटो बघते आणि विचारते, "दुपारी बारा वाजता तुमच्या जागेवर ऊन असतं का?" नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंच नसतं.

लॉन बिघडल्याची तक्रार घेऊन जे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं खतात किंवा औषधात नसतं. गवतच चुकलेलं असतं. उन्हातलं गवत सावलीत लावलेलं असतं, नाजूक गवतावर पोरांचं क्रिकेट चाललेलं असतं, नाहीतर थंड देशातलं बी आणून आपल्या उन्हाळ्यात पेरलेलं असतं. त्यामुळे "सगळ्यात चांगलं लॉन कुठलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुमची जागा सांगा, मग गवत सांगते.

ऊन बघायची रीत

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता अंगणात जा आणि प्रत्येक वेळी सावलीची कड रांगोळीने आखा. संध्याकाळी गच्चीवरून फोटो काढून ठेवा. ज्या भागावर तिन्ही वेळा ऊन होतं, तिथे सहा तासांचं थेट ऊन आहे असं धरायला हरकत नाही. जिथे दोनदा होतं तो अर्ध्या उन्हाचा भाग. जिथे एकदाच किंवा एकदाही नव्हतं, तिथे गवताचा विचार जपून करायचा.

पण हे काम लोक मे महिन्यात करतात, कारण पावसाळ्याच्या तोंडावर लॉनची आठवण होते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. भिंतीची सावली भिंतीच्या पायथ्याशीच गोळा झालेली. सगळं अंगण उन्हात, गिऱ्हाईक खूश. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. तेव्हा ३० फूट उंच घराची सावली उत्तरेकडे साधारण २७ फूट पडते. म्हणजे बंगल्याच्या उत्तरेला २५ फुटांचं अंगण असेल, तर भर हिवाळ्यात दुपारचं ऊन त्याला शिवत नाही. मेमध्ये मात्र तेच अंगण भाजून निघतं. अशा जागेला दोन्ही सोसणारं गवत लागतं, आणि तसं गवत फार थोडं आहे.

म्हणून हिशेब डिसेंबरचा करा. दक्षिणेला जे काही उभं आहे, तुमचं घर, शेजाऱ्याचं घर, कंपाउंडची भिंत, त्याच्या उंचीएवढी जागा हिवाळ्यात गेलीच असं समजा. रो-हाउसवाल्यांनी तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरही नजर ठेवावी. आज तिथे मैदान असेल, पुढच्या वर्षी चार मजले उभे राहतात.

झाडांची सावली वेगळी. शेवगा, कडुलिंब यांच्याखाली ऊन-सावली हलत राहते, तेवढ्यावर काही गवतं निभावतात. आंब्याखाली मात्र नाद सोडा. त्याची सावली दाट, बारमाही, वर त्याची मुळं वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात. आंब्याखाली लॉन लावून द्या म्हणणारी माणसं मला दर पावसाळ्यात भेटतात. मी त्यांना खाली पार बांधायचा सल्ला देते.

पूर्ण ऊन असेल तर हरळी

गणपतीला वाहतो त्या दूर्वा, शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो ती हरळी आणि लॉनवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ते, हे सगळं एकच गवत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आमचे सासरे आयुष्यभर उसातून हरळी खणून बांधावर फेकत आले. आता सूनबाई तीच चौरस फुटावर विकते, याचं त्यांना अजून हसू येतं.

शेतात जो तिचा दुर्गुण, तोच लॉनमधला गुण. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. वरचं सगळं जळालं तरी खालच्या गाठींमधून परत फुटते. पोरांनी क्रिकेट खेळून मधोमध टक्कल पाडलं, तरी पावसाळ्याच्या दिवसांत काही आठवड्यांत भरून येतं. क्रिकेटच्या मैदानांवर आपल्याकडे हीच असते, ती उगाच नाही. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळाही ती काढते. पाणी तोडलं तर पिवळी पडून झोपी जाते, पाणी मिळालं की उठते.

यातलं आमच्याकडून सगळ्यात जास्त जातं ते 'सिलेक्शन वन'. पान बारीक, रंग गर्द, वाढ दाट, देखभाल आवाक्यातली. सहा तासांच्या वर ऊन असेल, घरात मुलं किंवा कुत्रं असेल, आणि पहिल्यांदाच लॉन लावत असाल, तर पुढचं काही न वाचता हेच घ्या. मी माझ्या दारात हेच लावलंय.

त्यापुढे टिफड्वार्फ, टिफवे अशी संकरित बर्म्युडाची नावं ऐकू येतील. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही वाणं. टिफवे १९६० सालचं. गोल्फच्या मैदानांसाठी उत्तम. पण त्यांना दोन-तीन दिवसाआड कापणी लागते, तीही धारदार रीळच्या मशीनने. घरी हे कुणी करत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: ही संकरित वाणं वांझ आहेत, त्यांना रुजणारं बी धरत नाही. ती काड्यांपासून किंवा शीटनेच, म्हणजे मातीसकट कापून आणलेल्या तयार गवताच्या पट्ट्यांनीच, लावावी लागतात. तेव्हा 'टिफवे बियाणं' लिहिलेलं पाकीट कुणी पुढे केलं, तर आत काय असेल ते असो, टिफवे नक्की नाही.

साध्या बर्म्युडाचं बी मात्र मिळतं आणि उगवतंही. फार्महाउसवर मोठी जागा असेल, खर्च आवरायचा असेल, तर १,००० चौरस फुटांना अर्धा ते एक किलो बी पुरतं. पान जरा जाड येतं, सिलेक्शनइतकी सफाई येत नाही. पण गुंठाभर जागेला शीटचा खर्च ऐकून लोकांना घाम फुटतो, तेव्हा मी स्वतःच हे सुचवते.

हरळीची खोड दोन. ती फुलझाडांच्या वाफ्यात घुसते. वाफ्याच्या कडेला सहा इंच खोल विटा उभ्या पुरल्या तर बरीच आटोक्यात राहते, पण दर महिन्याला कडेने खुरपं फिरवावंच लागतं. दुसरी खोड मोठी: सावली तिला अजिबात सोसत नाही. सावलीतली हरळी कशी दिसते ते एकदा बघून ठेवा. पानं उजेडासाठी उभी राहतात, धावत्या काडीच्या दोन पेरांमधलं अंतर बोटभर होतं, खालची माती दिसायला लागते आणि त्या मातीवर हिरवं शेवाळ धरतं. एवढं झालं की युरिया टाकून काही उपयोग नाही. काडी आणखी लांब होते, एवढंच.

कोरियन, सगळे प्रेमात पडतात ते

फोटोतलं गवत बहुतेक वेळा हे असतं. झॉयशिया जातीचं, सुईसारखं बारीक पान, दाट, लहान लहान उंचवट्यांनी भरलेलं. बघताना हात फिरवावासा वाटतो. आमच्याकडे आलात तर मी खरंच हात फिरवायला सांगते, आणि मग चप्पल काढून उभं राहायला सांगते. दिसतं तेवढं ते मऊ नाही, टोचतं. आजी-आजोबांना सकाळी अनवाणी चालायचं म्हणून लॉन हवं असेल, तर इथेच निर्णय होऊन जातो.

कोरियनची सगळी कुंडली एका गोष्टीत आहे: ते सावकाश वाढतं. त्यामुळे कापणी कमी लागते, हे खरं. पण तुटलं-फुटलं तर भरून यायलाही तितकाच वेळ लागतो. कुत्र्याने रोज एकाच जागी लघवी केली की तिथे गोल डाग पडतो. तो हरळीत महिन्याभरात बुजेल, कोरियनमध्ये हंगाम जातो. ठोंब लावून केलं तर जागा भरायला वर्षाच्या आसपास लागतं, आणि तोवर मोकळ्या मातीत तण येतं. कोरियन घ्यायचंच असेल तर शीटने घ्या, ठोंबांची बचत तुम्ही खुरपणीच्या मजुरीत घालवाल.

उंचवट्यांचं म्हणाल तर काहींना ते फार आवडतात. कापलं नाही की ते मोठे होतात, वर हिरवे आणि आत वाळलेला भुसा. मग एखाद्या दिवशी मशीन फिरवली की नुसता तपकिरी भुसा उघडा पडतो आणि घरातले लोक मला फोन करतात. सपाट हवं असेल तर सुरुवातीपासून नियमित कापायचं. उंचवटेच हवे असतील तर मशीन लावायचीच नाही. मधलं काही चालत नाही.

मग कोरियन लावावं कुठे? जिथे पाय पडत नाहीत तिथे. फरशांच्या मधल्या पट्ट्यांत, उतारावर, दगडांच्या भोवती, प्रवेशद्वाराजवळच्या लहानशा तुकड्यात. चार-पाच तासांच्या उन्हावरही ते हरळीपेक्षा बरं तगतं, ही त्याची जमेची बाजू. शंभर-दीडशे फुटांत ते जे रूप देतं ते दुसरं कुठलंच गवत देत नाही, हेही मान्य करते.

'अमेरिकन ब्ल्यू', 'मेक्सिकन', 'कार्पेट' ही नावं ऐकून गोंधळू नका. ही बाजाराची नावं आहेत. एका नर्सरीतलं मेक्सिकन आणि दुसरीतलं मेक्सिकन वेगळं निघू शकतं. नाव सोडा, गवत हातात घ्या. पान मऊ, धावत्या काड्या लांब आणि लवचीक, तुरा पक्ष्याच्या पायासारखा बोटांचा, तर ते हरळीच्या कुळातलं. पान ताठ, टोचरं, तुरा एकच सरळ काडीचा, तर झॉयशिया. पान बोटाएवढं रुंद, तर पुढचा भाग वाचा.

अर्धं ऊन असेल तर रुंद पानाचं

नर्सरीत याला 'शेड ग्रास' म्हणतात, कुणी 'बफेलो' म्हणतं. यात दोन वेगळी गवतं येतात. एकाचं पान होडीच्या टोकासारखं मिटलेलं आणि धावती काडी जाड, चपटी. हे सेंट ऑगस्टिन. दुसऱ्याचं पान पातळ, फिकट हिरवं, टोकाला गोलसर. हे अ‍ॅक्सोनोपस. तीन-चार तासांच्या उन्हावर किंवा झाडाखालच्या हलत्या सावलीत दोन्ही चालतात. दोन्ही उंच ठेवायची, अडीच-तीन इंच. हरळीसारखी खालून कापली तर आठवड्यात विरळ होतात.

अ‍ॅक्सोनोपस हे ओल्या प्रदेशाचं गवत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात ते इतकं आपसूक वाढतं की तिकडचे पाहुणे विचारतात, "हे विकत कशाला घ्यायचं? आमच्या परड्यात नुसतं माजलंय." बरोबर आहे त्यांचं. जांभ्याच्या जमिनीत, तीन हजार मिलिमीटर पावसात दुसरं काही आणायची गरजच नाही. फक्त माणसांची वर्दळ त्याला सोसत नाही, रोजची पायवाट असेल तिथे फरशा टाका. पण तेच पुण्या-नगरला आणलं की एप्रिल-मेमध्ये सतत पाणी मागतं. सावलीत आहे म्हणून पाणी कमी लागेल असं समजू नका, कोरड्या हवेनेच त्याची पानं करपतात.

आणि तीन तासांहून कमी ऊन असेल तर गवत लावू नका. हे सांगताना माझं गिऱ्हाईक जातं, तरी सांगते. तिथे मोंडो ग्रास लावा. नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही. कापावं लागत नाही, सावलीत गर्द राहतं, फक्त त्यावर चालायचं नाही. नाहीतर स्पायडर प्लांट, सिंगोनियम पसरू द्या. गोटे आणि बाक ठेवलात तरी शोभतं.

खारं पाणी, आणि पाकिटातलं परदेशी बी

अलिबाग-मुरूडकडची घरं, किंवा बोअरचं पाणी मचूळ आहे अशी गावं, तिथे पास्पॅलमची चौकशी करा. समुद्रकाठचं गवत आहे, खारेपणा जितका ते पचवतं तितका घरच्या लॉनमधलं दुसरं कुठलं पचवत नाही. कतारला २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप झाला, त्याची मैदानं पास्पॅलमची होती. मिळायला थोडं अवघड, आधी सांगून ठेवावं लागतं.

ऑनलाइन पाकिटांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. राय ग्रास, फेस्क्यू, केंटकी ब्ल्यू ग्रास ही थंड हवेतली गवतं. विम्बल्डनची कोर्टं २००१ पासून शंभर टक्के राय ग्रासची आहेत, दिसतातही देखणी. पण लंडनचा जुलै म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा हिवाळा. नोव्हेंबरात राय ग्रासचं बी पेरलं की आठवड्यात हिरवंगार उगवतं, गिऱ्हाईक फोटो पाठवतं, आणि होळीनंतर एकेक करून काड्या वाळत जातात. घरात जानेवारीत लग्न असेल आणि दोन महिने हिरवं दिसलं की पुरे, तर जरूर पेरा. बारमाही लॉन म्हणून नको. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांनी हेच उलटं वाचावं: तिकडे फेस्क्यू आणि ब्ल्यू ग्रासच लावा, दूर्वा लावल्यात तर वर्षातले कितीतरी महिने तपकिरी अंगण बघत बसाल.

पाण्याचा हिशेब

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या लॉनला दिवसाला साधारण पाच-सहा मिलिमीटर लागतं. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर, म्हणजे रोजचं २३० ते २८० लिटर. हजार लिटरची टाकी चार दिवसांत रिकामी. सोसायटीला टँकर येत असेल तर हा आकडा आधी घरात मोठ्याने म्हणा आणि मग फूट ठरवा. पुष्कळ जण इथे पाचशेवरून दीडशेवर येतात, आणि मला वाटतं ते शहाणपणाचंच. दीडशे फुटांचं नीट राखलेलं लॉन पाचशे फुटांच्या पिवळ्या पट्ट्यापेक्षा केव्हाही चांगलं.

रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड, पहाटे, मुरेल इतकं द्या. मुळं खाली जातात. संध्याकाळी पाणी देऊन पानं रात्रभर ओली ठेवली तर पावसाळी हवेत बुरशी येते. घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं. हरळीला ते अधूनमधून चालतं, पण सगळं लॉन त्यावर काढू नका.

माती

बिल्डरने दिलेलं अंगण म्हणजे वर चार इंच माती आणि खाली सिमेंटचे तुकडे, विटांचा रोडा. तो उकरून काढल्याशिवाय लॉनला हात लावू नका. मग एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला इंचभर तरी खाली जायला हवं. जात नसेल तर काळी चिकण माती आहे, पावसाळ्यात तिथे डबकं होणार आणि उन्हाळ्यात भेगा पडणार. तिच्यात पोयटा, जाडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून वरचा सहा-आठ इंचांचा थर नवा करा. घराकडून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दीड-दोन इंचांचा उतार ठेवा. दिसत नाही, पण पाणी थांबत नाही.

शेणखत कच्चं असेल तर घेऊ नका, ट्रॉली फुकट मिळत असली तरी. त्यातून दोन पाहुणे येतात: तणाचं बी आणि हुमणी. उसाला लागते तीच हुमणी, पांढरी, वाकडी, डोकं तपकिरी. ती गवताची मुळं खाते. लॉनमध्ये एखादा भाग पाणी देऊनही पिवळा पडला, तर मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं, तर खाली हुमणी बसलेली असणार. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, ही आमच्या भागातली जुनी आणि खात्रीची रीत.

नर्सरीत आल्यावर

शीट उलटी करून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. खाली पांढरी, ताजी मुळं दिसली पाहिजेत. मुळं तपकिरी आणि वास आंबट येत असेल तर शीट फार दिवस गुंडाळून पडली होती.

मग लव्हाळा शोधा. लॉनचा सगळ्यात मोठा वैरी तोच, आणि तो शीटच्या मातीतूनच घरी येतो. गवतापेक्षा चकचकीत, फिकट आणि जरा वर डोकावणारं पान दिसलं की त्याची काडी बुडाशी धरून दोन बोटांत फिरवा. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते, लव्हाळ्याची तीन कडांची. बोटाला लगेच कळतं. शीटमध्ये एक-दोन ठिकाणी असेल तर शीट बदलून मागा. बहुतेक शीटांमध्ये असेल तर पूर्ण ढीग नाकारा, कारण त्याच्या जमिनीतल्या गाठी उपटून संपत नाहीत. वरची काडी तुटते, गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते.

शीटची माती कुठली आहे तेही विचारा. शीट काळ्या चिकण मातीची आणि तुमची जमीन मुरमाड असेल, तर मुळं वरच्या थरातच घुटमळतात. अशा वेळी शीट अंथरण्याआधी खाली बारीक पोयट्याचा इंचभर थर द्या आणि शीट पायाने किंवा रोलरने नीट दाबा, मध्ये पोकळी राहता कामा नये.

कधी लावायचं, कोण कापणार

देशावर जून-जुलै उत्तम, फेब्रुवारी-मार्चही चालतं. कोकणात धो धो पावसात माती वाहून जाते, तिथे पाऊस ओसरला की लावा. डिसेंबर-जानेवारी टाळा. नाशिक-पुण्याच्या थंडीत ही सगळी गवतं वाढ थांबवतात, रंग उतरतो. तेव्हा लोक घाबरून युरिया टाकतात, त्याची गरज नसते. उबेच्या दिवसांत टाकायचा तर ५०० फुटांना एका वेळी अर्धा किलोच्या वर नको, आणि टाकल्याबरोबर पाणी, नाहीतर पानं जळतात.

कापायची उंची गवतावर ठरते: सिलेक्शन वन एक ते दीड इंच, कोरियन सपाट ठेवायचं तर एक-दीड, रुंद पानाचं अडीच-तीन. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पावसाळ्यात हरळीला आठवड्याला एक कापणी लागतेच. माळी महिन्यातून एकदा येणार असेल आणि घरात कुणी मशीन धरणार नसेल, तर हरळीचा विचार पुन्हा करा. पाचशे फुटांपर्यंत हाताने ढकलायची मशीन पुरते, वीज नको, पेट्रोल नको, आणि शाळकरी मुलगा सहज चालवतो.

घ्यायला याल तेव्हा जागा चौरस फुटांत मोजून आणा, वाफे आणि फरशा वजा करून. त्यात पाच टक्के वाढवा, कडांना तुकडे लागतात. जमीन आधी तयार करून, भिजवून ठेवा. शीट एकावर एक रचलेल्या राहिल्या की आतून तापतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या पडतात. म्हणून न्यायच्या दिवशीच लावायच्या. दुपारी बाराला येऊन गाडीच्या डिकीत भरू नका. सकाळी लवकर या, सोबत ओलं पोतं किंवा ताडपत्री आणा, आणि घरी पाण्याचा पाइप जोडलेला ठेवायला सांगून निघा.